बाहीचा तुकडा

कोटाची बाही तिसऱ्यांदा उसवली, तेव्हा बाबांचा धीर सुटला.

"उद्या सकाळी कार्यक्रम आहे. मी काय एकाच बाहीत जाऊ?"

"हलू नका हो," तोंडातल्या टाचण्या सांभाळत मास्तरीण म्हणाली. "खांदा उतरलाय तुमचा. कोट आहे तेवढाच आहे, आतला माणूस आटलाय."

"माणूस आटलेला नाही. तुझी टेप खोटी आहे."

एरवी या बापलेकीच्या भांडणावर सगळं शिवणकामाचं दुकान हसायचं. गिऱ्हाइकं तर मुद्दाम थांबून ऐकायची. आज हसायला होतं कोण? कारागिरांना सुट्टी दिलेली, शटर अर्ध्यावर ओढलेलं, मशिनींवर चादरी टाकलेल्या. कापडं बेतायच्या लांब टेबलाशी दादा बसला होता, मास्तरणीचा थोरला चुलत भाऊ. पेशाने वकील, त्यामुळे गप्प बसला तरी समोरच्याला वाटायचं, हा आता उलटतपासणी घेणार. शेजारी त्याची बायको, मास्तरणीची वहिनी, मांडीवरच्या पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत आणि सोडत होती. आणि ज्यांच्यासाठी ही सगळी खलबतं चालली होती त्या काकू, दादाची आई, वर माडीवर दुपारच्या पडल्या होत्या. निदान खालच्यांची तशी समजूत होती.

"किती वाजता येणार आहे ती बाई?" दादाने विचारलं.

"चारला म्हणाली होती."

"मग कोट राहू दे. आधी हे निस्तरू."

निस्तरू म्हणे! गेला आठवडाभर घरात हेच चाललं होतं. आठवड्यापूर्वी एक म्हातारी नर्स दुकानात आली. पांढरी सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, निवृत्त होऊनही चालण्यात वॉर्डातली लगबग. ब्लाऊज शिवायचं असेल म्हणून मास्तरीण टेप घेऊन पुढे झाली. तर बाई म्हणाली, "मला माप द्यायचं नाही. तुमच्याकडे माझा भाऊ आहे का, ते विचारायला आले आहे."

तिचा भाऊ बराकीत आचारी होता. ज्या पहाटे हल्ला झाला त्या पहाटे तो तिथेच होता, आणि नंतर कुठेच नव्हता.

त्या पहाटेची गोष्ट या शहरात कोणाला सांगावी लागत नाही. युद्ध अजून पुकारलंही नव्हतं. उलट बोलणी चाललेली, वर्तमानपत्रांत दोन्हीकडच्या मंत्र्यांचे हसरे फोटो. सुट्टीचा दिवस म्हणून बराकीतली माणसं उशिरापर्यंत झोपलेली, आणि तेवढ्यात समुद्रावरून विमानं आली. सगळं आटोपलं तेव्हा शहरातली माणसं अजून अंथरुणात उठून बसून एकमेकांना विचारत होती, की हा आवाज कसला. बाबा आणि त्यांचा थोरला भाऊ, म्हणजे दादाचे वडील, दोघेही त्या बराकीत शिपाई होते. बाबा जगले, एक कान आणि अर्धा पाय तिथे ठेवून. थोरले गेले.

आणि थोरल्यांना ओळखलं ते त्यांच्या आईने, म्हणजे मास्तरणीच्या आजीने. हे दुकान तिचंच. प्रेतं मालाच्या गोदामात ओळीने ठेवली होती. चेहरे राहिले नव्हते. म्हातारी ओळीच्या ओळी वाकून बघत गेली आणि एका जळक्या बाहीपाशी थांबली. कोपरावर रफू केलेलं होतं. ती म्हणाली, "हा हात माझा आहे." कमरेची कात्री काढून तिने बाहीचा तेवढा तुकडा कापून घेतला आणि मुलगा घरी आणला. मग बाकीच्यांसारखंच त्यालाही लष्कराच्या कबरस्तानात पुरलं. पुढे बाबांनी त्या तुकड्याला काचेची चौकट करून गल्ल्याच्या वर टांगली. दरवर्षी स्मृतिदिनाला सूत्रसंचालक घसा खाकरून ही गोष्ट सांगतो, टाक्यावरून मुलगा ओळखणाऱ्या आईची, आणि पहिल्या रांगेतल्या बाया डोळ्यांना पदर लावतात.

सगळ्यांची प्रेतं सापडली. एक सोडून. तो एकजण म्हणजे नर्सचा भाऊ. आता माणसांची तोंडं कोण धरणार? गोदामात हिशेब एकाने कमी भरला, म्हणजे तो एक पळाला. पळाला, म्हणजे त्याला आधी ठाऊक होतं. ठाऊक होतं, म्हणजे त्यानेच कळवलं. असं करत करत महिन्याभरात तो आचारी फितूर होऊन बसला. त्याच्या बापाची नोकरी गेली, घराच्या भिंतीवर रात्रीत कोळशाने कायकाय लिहिलं गेलं, आणि नर्सने लग्नाचा विषय पुन्हा काढला नाही. आता लष्कराच्या कबरी सांभाळणाऱ्या खात्याने हाडांची तपासणी सुरू केली होती, म्हणून ती आली होती. म्हणाली, "माझ्या भावाचा शर्टही तुमच्याच दुकानात रफू व्हायचा. मला तुमचं काही नको. फक्त कबर उघडायला हो म्हणा."

कबर उघडायची तर काकूंची सही हवी होती, आणि थोरल्यांच्या रक्ताच्या कोणाचा तरी नमुना. म्हणजे दादाचा, नाही तर बाबांचा.

"सरळ आहे," दादा बोटं मोडत म्हणाला. "आत जर माझे वडील नसले, तर बेपत्ता कोण? माझे वडील. तिचा भाऊ सुटला की पळपुटा कोण? माझे वडील. उद्या हे पेपरात येईल. पोरगा तिकडे लष्करी अकादमीत आहे. त्याला आजोबांच्या नावाने ओळखतात तिथे."

"त्याची पासिंग आउट परेड आहे दोन महिन्यांवर," वहिनीने जोड दिली. "ताई, तुम्हीच सांगा, त्याला काय तोंड दाखवायचं?"

"पण दादा, खरंच तिचा भाऊ असला तर?"

"तर काय! पन्नास वर्षं झाली. मेलेल्या माणसाला काय फरक पडतो?"

"मग तुलाही पडायला नको," मास्तरीण बोलून गेली आणि तिनेच जीभ चावली.

"ए, तोंड सांभाळ!" दादा खुर्ची मागे सारून उठला. "तुझे वडील घरी आले, म्हणून तुला हे सुचतं. मी माझ्या बापाला एका दगडावर बघितलंय फक्त. तोही काढून घ्या!"

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मास्तरणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लहानपणी हाच दादा तिला खांद्यावर बसवून कबरस्तानात न्यायचा आणि दगडावरचं नाव बोटाने गिरवायला शिकवायचा. तिची पहिली अक्षरं त्या दगडावरची.

"पुरे," बाबा म्हणाले. एका बाहीचा कोट घालून ते तसेच स्टुलावर बसले. "आईची नजर चुकणार नाही. विषय संपला. चौकट काढ खाली, त्या बाईच्या हातात दे आणि सांग, की हा आमच्या आईचा हात आहे. तू कारागीर आहेस, तुझं ऐकेल ती."

दादालाही हे पटलं. वकिलाला साक्षीदार मिळाला.

मास्तरणीने स्टूल घेतलं, चौकट काढली, फडक्याने पुसली. काच आतून धुरकटली होती, टाके धड दिसेनात. दाखवायचंच तर नीट दाखवू, म्हणून तिने मागचे खिळे उचकटले. तुकडा पुठ्ठ्यावर चार टाक्यांनी धरलेला होता. ते टाके तिने सुईच्या टोकाने सोडवले आणि कापड हातात घेतलं. रफू आजीचंच होतं, वादच नाही. इतकं बारीक, की बोटाला कळूही नये. आणि मग कोणाही शिंप्याने केलं असतं तेच तिने केलं. काम बघायचं तर उलट्या बाजूने बघायचं. तिने तुकडा उलटा केला.

शिवणीच्या आत, दुमडीत लपलेले, दोन टाके होते. एक हिरवा, एक पिवळा.

तिने तुकडा उजेडात धरून पुन्हा पाहिला.

या दुकानात रफूला आलेल्या प्रत्येक कपड्याला आतून रंगीत दोऱ्याची खूण घालतात. बराकीतले सगळे शर्ट एका रंगाचे, एका मापाचे, मग कोणाचा कोणता कसं कळणार? म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाचे दोन रंग. आजीने सुरू केलेली पद्धत, अजूनही चालते. आणि घरच्या कपड्याला कधी म्हणजे कधी खूण घालत नाहीत. लहानपणी मास्तरणीने हौसेने आपल्या फ्रॉकला खूण घातली, तर आजीने ती उसवून टाकली होती. "घरच्या कपड्याला कसली खूण? तो काय कोणाला परत द्यायचाय?"

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

तिने तुकडा त्यांच्यापुढे धरला. चष्मा न शोधता ते बघत राहिले. या दुकानात वाढलेल्या माणसाला ते दोन टाके वाचायला चष्मा लागत नव्हता.

"मला काही दिसत नाही," बाबा म्हणाले.

"बाबा."

"सांगितलं ना, दिसत नाही!"

दादाला समजावून सांगावं लागलं. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरला, पण वकील तो वकीलच. "त्यांनी दुसऱ्याचा शर्ट घातला असेल. बराकीत घालतातच एकमेकांचे."

"असेल की. मग तपासणीला घाबरायचं कारण काय?"

तो येऊन तिच्यासमोर उभा राहिला. आवाज एकदम खाली आला होता. "हे बघ. हे आपण चौघांनीच पाहिलंय. परत चिकटव. आई त्र्याहत्तर वर्षांची आहे. दर रविवारी फुलं घेऊन जाते, दगड पुसते, तासभर बोलत बसते. तिला हे सांगणार आहेस तू? तुझ्यात आहे ती हिंमत?"

नव्हती. खरंच नव्हती. काकूंनी तिला आईच्या मागे वाढवलं होतं. पहिली सुई तिच्या हातात काकूंनी दिली होती. तिने मान खाली घातली, सुईत दोरा ओवला आणि तुकडा पुठ्ठ्यावर पुन्हा टाचायला घेतला. वहिनीने सुस्कारा सोडला. दादाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. बाबा भिंतीकडे बघत बसले. अख्ख्या आयुष्यात टाका चुकला नाही अशी ही बाई, तिने दोनदा बोटात सुई खुपसून घेतली.

तेवढ्यात शटरवर टकटक झाली. नर्स वेळेआधीच आली होती. आणि ती वाकून आत येते न येते, तोच मागच्या लाकडी जिन्यावर पावलं वाजली. काकू भिंतीला धरून एकेक पायरी उतरत होत्या.

"आई, तू कशाला उठलीस?" दादा धावला.

"झोपले कुठे होते? खालची फळी एवढी पातळ आहे, की तुम्ही सुई पाडलीत तरी मला वर ऐकू येते." त्या येऊन टेबलाशी बसल्या. नर्सकडे त्यांनी नीट पाहून घेतलं. "बसा. किती वेळ उभ्या राहणार? याला खुर्ची द्यायचंही सुचत नाही."

खुर्ची वहिनीने दिली. दादाने तिच्याकडे पाहिलं. तिने पाहिलं नाही.

"बाई," काकू म्हणाल्या, "मी सही करावी असं तुम्हाला वाटतं."

"हो."

"आणि तो तुमचा भाऊ नसला तर?"

"तर गप्प घरी जाईन. सवय आहे मला." नर्सने हात मांडीवर घट्ट धरले होते. "पण असला, तर त्याचं नाव पुसलं जाईल भिंतीवरून. भिंत पडली केव्हाच. मला मात्र अजून दिसतं."

काकूंनी मान हलवली. मग मास्तरणीकडे वळून त्यांनी हात पुढे केला. "आण तो तुकडा."

"आई, अगं त्यात काय बघायचंय..." दादा मध्ये पडला.

"तुला विचारलं? तू कोर्टात बोल." आणि मास्तरणीला, "माझे डोळे गेलेत आता. तू बघ आणि सांग. तुला मी शिकवलंय. घरचं आहे, की गिऱ्हाइकाचं?"

प्रश्न असा सरळ आला. दादा तिच्याकडे बघत होता, वहिनी बघत होती. बाबा बघत नव्हते. सगळं मिटवायला एकच शब्द पुरे होता. घरचं. तेवढं म्हटलं की उद्याचा कार्यक्रम नेहमीसारखा, दर रविवारची फुलं नेहमीसारखी, पोराची परेड नेहमीसारखी. आणि ही बाई कॅनव्हासचे बूट घालून स्टँडवर जाईल आणि बसमध्ये बसेल. हे सगळं तिला दिसलं आणि तरी तिच्या तोंडून खोटं निघेना. काम विचारल्यावर कामाबद्दल खोटं बोलायला तिला कोणी शिकवलंच नव्हतं.

"गिऱ्हाइकाचं आहे, काकू."

"रंग कोणते?"

"हिरवा, पिवळा."

नर्सने तोंडावर हात घेतला. रडली नाही. "त्याच्या सगळ्या शर्टांना असायचे," ती म्हणाली. "आम्हाला वाटायचं, कंपनीचेच आहेत."

दादाने टेबलावर मूठ आपटली. "झालं समाधान? बापाला पळपुटा ठरवून झालं तुझं समाधान?" तो मास्तरणीला म्हणाला. "मी नमुना देणार नाही. बघतो कोण कबर उघडतं ते!" शटर वर ढकलून तो निघून गेला. वहिनी उठली, दारापर्यंत गेली आणि परत येऊन बसली.

काकू ढिम्म बसून होत्या. तुकडा त्यांनी मास्तरणीच्या हातातून घेतला आणि उलट्या बाजूवरून अंगठा फिरवला.

"आजीने उलटा करून पाहिला नसेल," मास्तरीण घाईने म्हणाली. "त्या गर्दीत, त्या वासात, कुठलं सुचतंय?"

"सासूबाईंनी? अगं, ती बाई दुसऱ्याच्या लग्नात नवरदेवाच्या कोटाचं अस्तर उलटून बघायची. तिने पाहिलं असेल. दोन मुलं पाठवली होती, त्यातलं एक तरी घरी न्यावं, असं वाटलं असेल तिला. मी वर पोटुशी, रोज विचारतेय, सापडले का, सापडले का. मला शांत करायला घेऊन आली असेल कोणाला तरी." त्यांचा आवाज इथे फाटला. "किती छळलं मी तिला!"

मग त्या बाबांकडे वळल्या.

"भावजी. मग हे कुठे आहेत?"

बाबांनी चांगला कान त्यांच्याकडे केला, जणू ऐकू आलं नाही.

"तुम्ही दरवर्षी स्टेजवर सांगता, की भाऊ शेवटपर्यंत आपल्या जागेवर होता. तुम्ही पाहिलंत?"

"आज नको."

"आजच. पाहिलंत का?"

बाबांनी कोटाचं एक बटण लावलं, काढलं. "काय पाहणार?" ते म्हणाले. "लोक म्हणतात, आम्ही लढलो. लढायला वेळ कोणी दिला? मी चड्डीवर होतो. पहिला आवाज झाला आणि मी नाल्यात पडलो. पडलो की उडी मारली, तेही माहीत नाही. तोंड चिखलात होतं. वर केलं तेव्हा बराक नव्हती. कितीतरी माणसं अशी गेली, की गोदामात न्यायला काही उरलंच नाही. हिशेब बरोबर भरला म्हणतात, कोणी भरला? हात-पाय जुळवून भरला. माझा भाऊ त्यांतच असेल. नाही तर पळाला असेल. पळाला असेल तर बरंच केलं म्हणेन मी, पण मग एकदा तरी आला असता ना घरी? मी दाराकडे तोंड करून बसत आलोय इतकी वर्षं, कोणाला कळू न देता."

मास्तरणीला आठवलं, की बाबांचं मशीन रस्त्याच्या उजेडासाठी दाराकडे आहे, असं सगळे समजत आले होते. बाबा रडत होते. म्हातारी माणसं रडतात तसे, आवाज न करता, नाक वाहू देत. तिने त्यांच्या अंगावरचा अर्धवट कोट काढून घेतला, कारण त्याच्यावर डाग पडला असता, आणि दुसरं काय करावं ते तिला कळेना.

काकूंनी सही केली. सावकाश, शाळेतल्यासारखी. मग नर्सला म्हणाल्या, "तुमच्याजवळ एक बोलायचंय. दर रविवारी मी जाते आणि घरातलं सगळं सांगते. पोराला गोवर आला, तो नापास झाला, सून भांडली..." वहिनीने मान खाली घातली. "काही ठेवलं नाही. तुमच्या भावाला आमच्या घरातलं सगळं ठाऊक आहे हो."

नर्स हसली. आणि मग हसता हसता तिचा बांध फुटला, आणि काकूंनी उठून तिचं डोकं पोटाशी धरलं.

*

सकाळी मैदानावर वारा होता. खुर्च्यांची आच्छादनं उडत होती आणि शाळेची मुलं ती धरून ठेवत होती. मास्तरणीने कोट पहाटे पुरा केला. बाबांना तो बरोबर बसला, पण आज त्यांनी टेपला नावं ठेवली नाहीत. स्टेजवर हयात सैनिकांच्या खुर्च्या होत्या, चार. एकीवर ऑक्सिजनची नळकांडी शेजारी ठेवून बसलेले गृहस्थ, एकाला कोणी बोलावलंय हेच कळत नव्हतं. मंत्र्यांनी प्रत्येकाच्या छातीवर पदक लावलं. बाबांचं लावताना मंत्र्यांचं लक्ष फोटोवाल्याकडे होतं आणि पदक वाकडं लागलं.

खाली, पहिल्या रांगेत हुतात्म्यांचे नातेवाईक. नर्सला त्या रांगेचा पास नव्हता. काकूंनी तिला सोबत बसायला सांगितलं, तर ती म्हणाली, "नको, तिथे माझी जागा नाही." आणि ती दोरीपलीकडे जाऊन उभी राहिली. दादा आला होता. आईपासून दोन खुर्च्या सोडून बसला. वहिनी मात्र काकूंच्या उजव्या हाताला. डाव्या हाताला नेहमीच्या शेजारीणबाई, एका लान्सनायकाच्या बहीण. दरवर्षी त्या दोघींच्या खुर्च्या शेजारी असायच्या आणि दरवर्षी त्या एकमेकींना गुडघ्यांची औषधं सांगायच्या.

मग हजेरी सुरू झाली. कोवळ्या आवाजाचा एक अधिकारी त्या पहाटे गेलेल्यांची नावं पुकारत होता, आणि प्रत्येक नावाला घरचं माणूस उभं राहून उत्तर देत होतं, "हजर!" बायकांच्या आवाजात, पोरांच्या आवाजात, एकदा तर सातआठ वर्षांच्या नातीच्या आवाजात. थोरल्यांच्या नावाला दादा उत्तर द्यायचा, बोलता यायला लागल्यापासून.

थोरल्यांचं नाव आलं.

दादा उभा राहिला. तोंड उघडलं. मास्तरणीने डोळे मिटून घेतले. पण आवाज आला नाही. तिने डोळे उघडले, तर दादा आईकडे बघत होता, आणि काकू त्याच्याकडे. त्या त्याला नको म्हणत नव्हत्या, हो म्हणत नव्हत्या. फक्त बघत होत्या. कोर्टात तासतासभर बोलणारा हा माणूस, त्याच्या घशातून एक शब्द निघेना.

अधिकाऱ्याने कागदावरून नजर उचलली. वाऱ्यामुळे ऐकू गेलं नसेल, असं वाटून त्याने नाव पुन्हा पुकारलं, जरा मोठ्याने.

स्टेजवर खुर्ची सरकली. बाबा उठले. हात धरायला कोणी पुढे झालं, तो त्यांनी झटकला. पाय जुळवले, तो अर्धा पाय जितका जुळतो तितका. आणि विशीत शिकवलेल्या आवाजात, अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असे म्हणाले,

"बेपत्ता!"

मैदानभर कुजबुज पसरली. अधिकारी कागद बघू लागला, जणू तिथे पुढचं लिहिलेलं असेल. मंत्र्यांनी सेक्रेटरीला जवळ बोलावलं. दादा मटकन खाली बसला आणि दोन्ही हातांनी चेहरा झाकला. वहिनी उठून त्याच्याकडे गेली. दोरीपलीकडे नर्स ताठ उभी होती, गालांवरचं पाणीही न पुसता. बाबा तसेच सावधान उभे. बसा म्हणायला कोणी धजेना.

मास्तरणीने काकूंचा हात धरला. "काकू, घरी जायचं का?"

काकू डावीकडे बघत होत्या. शेजारीणबाईंनी दोघींच्या मधली आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली होती. मग त्या उठल्या, इकडे न बघता पलीकडच्या खुर्चीवर जाऊन बसल्या आणि साडी सारखी केली. मधली खुर्ची रिकामी राहिली.

"बघितलंस?" काकू हलकेच म्हणाल्या. "त्या बाईने पन्नास वर्षं हे बघितलं. आता आपण बघायचं."

अधिकाऱ्याने पुढचं नाव पुकारलं. रांगेच्या टोकाकडून कोणीतरी मोठ्याने "हजर" म्हणालं.